मालक नसलेल्या संघाचे प्रशिक्षक : वाचकांचे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलमधील ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाच्या मुख्य प्रशिक्षकांविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे लांब होती, ती मूळ मुद्द्याला धक्का न लावता संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : क्रिकेटमध्ये सामना सुरू झाला की सूत्रे कर्णधाराच्या हाती जातात आणि प्रशिक्षक पॅव्हेलियनमध्ये बसतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र मुख्य प्रशिक्षक कानाला हेडसेट लावून मैदानाच्या कडेला उभा असतो आणि शेवटपर्यंत बोलत असतो. हा गृहस्थ सामना चालू असताना नेमके करतो तरी काय? (एक वाचक, पुणे)

या खेळात चेंडू सलग फिरत राहत नाही. आक्रमक संघाला 10 यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये खेळ थांबतो. एक चाल संपल्यापासून साधारणपणे 40 सेकंदांत पुढची सुरू करावी लागते. तेवढ्या वेळात पुढची चाल निवडून ती मैदानावरील क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूपर्यंत, पोहोचवायची असते. त्यासाठी 1994 पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ बसवलेला असतो आणि अशा हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका लावलेला दिसतो. घड्याळात 15 सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद पडतो, आणि त्यापुढे बचावफळीची मांडणी पाहून जे काही बदलायचे ते क्वार्टरबॅकने स्वतःच्या डोक्याने बदलायचे असते.

चाल कोणी सांगायची, हे मुख्य प्रशिक्षक ठरवतो. काही जण ते काम आक्रमणाच्या समन्वयकावर सोपवतात, तर पॅकर्सचे सध्याचे प्रशिक्षक मॅट लाफ्लर यांच्यासारखे काही जण ते स्वतःकडे ठेवतात. काही निर्णय मात्र दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाहीत. चौथ्या प्रयत्नात धोका पत्करून पुढे जायचे की चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे टोलवून द्यायचा, टाइमआउट कधी वापरायचा, पंचांच्या निर्णयाला आव्हान देणारा लाल रुमाल मैदानात कधी फेकायचा, हे सारे त्याच्याच माथी असते. 53 खेळाडू, आक्रमण, बचाव आणि विशेष पथके अशा तीन शाखा, आणि त्या प्रत्येक शाखेचे वेगळे सहायक, एवढा पसारा त्याच्या हाताखाली असतो.

हे खेळाडू संघात आणतो कोण, हा प्रश्न मात्र राहतोच. बहुतेक संघांत तो अधिकार जनरल मॅनेजरकडे असतो, काही संघांत दोन्ही पदे एकाच माणसाकडे असतात. ही गोष्ट वरवर कार्यालयीन वाटते. आमच्या मते मात्र पॅकर्सच्या प्रशिक्षकांचा शंभर वर्षांचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

प्रश्न : पॅकर्सच्या मैदानाला लॅम्बो यांचे नाव आहे, तर सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्याच्या चषकाला लोम्बार्डी यांचे. एकाच संघाच्या या दोन प्रशिक्षकांपैकी अधिक मोठा कोण मानावा? (एक वाचक, कोल्हापूर)

कर्ली लॅम्बो यांनी 1919 मध्ये जॉर्ज व्हिटनी कॅल्हून या स्थानिक पत्रकाराच्या साथीने हा संघ उभा केला. लॅम्बो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरीला होते, तिने गणवेशांसाठी पैसे दिले आणि त्या व्यवसायावरून संघाला नाव पडले. 1921 मध्ये संघ व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाला तेव्हा लॅम्बो खेळाडूही होते आणि प्रशिक्षकही. 1949 पर्यंत ते त्या पदावर राहिले आणि 1929, 1930, 1931, 1936, 1939 व 1944 अशी सहा अजिंक्यपदे त्यांनी मिळवली. सहाचा हा आकडा त्यांच्याखेरीज शिकागोचे जॉर्ज हॅलस आणि न्यू इंग्लंडचे बिल बेलिचिक या दोघांनाच गाठता आला. बहुतेक संघ चेंडू छातीशी धरून धक्काबुक्कीने पुढे सरकत असताना लॅम्बो यांनी पुढे फेकलेल्या पासवर भर दिला. 1935 मध्ये संघात आलेल्या डॉन हटसन या झेलपटूने त्या भरवशाचे सोने केले. झेल घेऊन केलेल्या टचडाउनचा, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेण्याचा, त्याचा 99 चा विक्रम तो निवृत्त झाल्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ टिकला.

लॅम्बो यांचा शेवट मात्र चांगला झाला नाही. सगळे व्यवहार आपल्याच हाती ठेवण्याची त्यांची सवय संचालकांना खुपू लागली होती. 1946 मध्ये त्यांच्या आग्रहावरून संघासाठी शहराबाहेर रॉकवुड लॉज ही वास्तू खरेदी करण्यात आली, पण तिथल्या सरावाच्या मैदानात मातीच्या थराखाली लगेच कठीण दगड होता आणि खेळाडू दुखापतींनी जेरीस आले. 1948 आणि 1949 हे दोन्ही हंगाम वाईट गेले, 1949 मध्ये तर 12 पैकी दोनच सामने जिंकता आले. जानेवारी 1950 मध्ये रॉकवुड लॉज आगीत भस्मसात झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच लॅम्बो शिकागो कार्डिनल्सकडे निघून गेले. मैदानाला त्यांचे नाव दिले गेले ते त्यांच्या निधनानंतर, 1965 मध्ये.

दोघांतला मोठा कोण, याचे एका शब्दात उत्तर द्यायचे तर आमचे मत लोम्बार्डींच्या बाजूने पडेल. लॅम्बो यांच्या काळात लीग लहान होती आणि पहिली तीन अजिंक्यपदे अंतिम सामना न खेळता, गुणतक्त्याच्या आधारे मिळाली होती. तरीही लॅम्बो नसते तर लोम्बार्डींना येण्यासाठी संघच उरला नसता, एवढी पुस्ती जोडणे न्याय्य ठरेल.

प्रश्न : 1958 मध्ये केवळ एक सामना जिंकणारा संघ 1961 मध्ये अजिंक्य ठरला. व्हिन्स लोम्बार्डी यांनी खेळाडू बदलले, की आहेत त्याच खेळाडूंकडून ते करून घेतले? (एक वाचक, नागपूर)

हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. 1958 च्या हंगामात रे मॅक्लीन यांच्या हाताखाली पॅकर्सने एक विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी अशी कामगिरी केली. संघाच्या इतिहासातील तो सर्वांत वाईट हंगाम होय. पण त्या संघाची यादी आज वाचली तर डोळे विस्फारतात. क्वार्टरबॅक बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, फॉरेस्ट ग्रेग, जेरी क्रेमर, जिम रिंगो आणि रे निट्श्की असे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले खेळाडू त्या हरणाऱ्या संघात होते. यांतील बहुतेकांना हेरण्याचे श्रेय जॅक व्हेनिसी या तरुण अधिकाऱ्याला जाते. देशभरातील महाविद्यालयीन खेळाडूंची टिपणे ठेवण्याचे काम तो करत असे. स्टार तर 1956 च्या निवडप्रक्रियेत (तिच्यात संघ महाविद्यालयीन खेळाडूंना फेरीफेरीने, आळीपाळीने निवडतात) सतराव्या फेरीत घेतला गेला होता. या खेळाडूंचे पहिले अजिंक्यपद पाहण्यापूर्वीच, 1960 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी व्हेनिसी हृदयविकाराने वारला. त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, ही गोष्ट खटकते.

मॅक्लीन स्वभावाने मऊ होते आणि खेळाडूंबरोबर पत्त्यांचे डावही मांडत, त्यामुळे शिस्त राहिली नव्हती. त्यातच संचालक मंडळाची कार्यकारी समिती प्रत्येक पराभवानंतर प्रशिक्षकाकडे जाब मागत असे. 1959 च्या सुरुवातीला न्यूयॉर्क जायंट्सचे सहायक लोम्बार्डी यांना बोलावण्यात आले तेव्हा त्यांनी प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर ही दोन्ही पदे मागितली, आणि फुटबॉलच्या बाबतीत आपल्याला कोणी विचारणार नाही हे आधीच पक्के करून घेतले. लोम्बार्डी तेव्हा 45 वर्षांचे होते आणि व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी कधीही सांभाळलेले नव्हते. न्यू जर्सीतील एका कॅथलिक शाळेत शिक्षक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काढली होती आणि तिथे लॅटिन, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र शिकवले होते. वर्गातील सर्वांत मंद विद्यार्थ्याला कळेपर्यंत तेच तेच सांगण्याची शिक्षकाची चिकाटी त्यांनी मैदानावर आणली.

त्यांचा पाठ पाहायचा असेल तर ‘स्वीप’ ही चाल पाहावी. तिच्यात गुप्त असे काही नव्हते, प्रतिस्पर्ध्यांनाही ती पाठ होती. चेंडू मागे येताच क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन गार्ड, म्हणजे पुढच्या फळीत राहून वाट मोकळी करणारे खेळाडू, आपली जागा सोडून बाजूरेषेच्या दिशेने धावत सुटत आणि त्यांच्या पाठोपाठ चेंडू घेऊन हॉर्नंग निघे. कडेला उभा असलेला टाइट एंड समोरच्या बचावपटूला ज्या बाजूला ढकलेल, त्याच्या उलट बाजूने हॉर्नंगने आत शिरायचे. म्हणजे मार्ग आधी ठरलेला नसे, तो ऐन वेळी उघडत असे आणि त्यासाठी पाचसहा जणांची पावले एका तालावर पडावी लागत. लोम्बार्डी ही एकच चाल फळ्यावर तासन्‌तास समजावून सांगत आणि सरावात ती पुन्हा पुन्हा करून घेत.

खेळाडूही त्यांनी बदलले नाहीत असे नाही. थर्स्टन 1959 मध्येच बाहेरून आला. पण त्यांनी अधिक काम केले ते आहेत त्या खेळाडूंना योग्य जागी बसवण्याचे. आधीच्या प्रशिक्षकांनी हॉर्नंगला कधी क्वार्टरबॅक तर कधी फुलबॅक म्हणून वापरून पाहिले होते, लोम्बार्डींनी त्याला हाफबॅकची एकच जागा नेमून दिली. स्टारवर मात्र त्यांचाही विश्वास लगेच बसला नाही, तो 1959 च्या हंगामाच्या उत्तरार्धात मैदानावर स्थिरावला. पहिला सामना शिकागो बेअर्सविरुद्ध 9–6 असा जिंकून सुरुवात झाली, हंगाम सात विजय आणि पाच पराभवांवर संपला आणि 1960 मध्ये संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला. तो सामना फिलाडेल्फियाने 17–13 असा जिंकला. त्यानंतर लोम्बार्डींचा संघ बाद फेरीत कधीही हरला नाही. 1961, 1962, 1965, 1966 आणि 1967 अशी पाच अजिंक्यपदे मिळाली, आणि पहिले दोन सुपर बोलही पॅकर्सनेच जिंकले.

31 डिसेंबर 1967 रोजी ग्रीन बेमध्ये डॅलसविरुद्ध झालेला सामना ‘आइस बोल’ म्हणून ओळखला जातो. तापमान उणे 25 अंश सेल्सियसच्या आसपास होते. लोम्बार्डींनी हौसेने मैदानाखाली बसवून घेतलेली तापवण्याची विद्युत यंत्रणा त्या दिवशी निकामी ठरली आणि मैदानाचा बर्फ झाला. पॅकर्स 14–17 असे मागे होते, 16 सेकंद उरले होते, चेंडू गोलरेषेपासून जेमतेम दोन फुटांवर होता आणि शेवटचा टाइमआउट घेतला गेला होता. लाथेने तीन गुण घेऊन बरोबरी साधता आली असती. स्टारने कडेला येऊन सांगितले की धावणाऱ्यांचे पाय घसरत आहेत, मी स्वतःच चेंडू घेऊन घुसतो. लोम्बार्डींनी होकार दिला. मैदानावर परतून स्टारने नेहमीची चाल पुकारली, तिच्यात चेंडू चक मर्सीनकडे जायचा होता. आपण तो स्वतःकडेच ठेवणार आहोत हे स्टारने सहकाऱ्यांना सांगितले नाही. तो क्रेमरच्या मागून घुसला आणि सामना 21–17 असा संपला. हुकूमशहा म्हणून ज्यांची ख्याती, त्या प्रशिक्षकाने आयुष्यातील सर्वांत गाजलेला निर्णय खेळाडूच्या शब्दावर घेतला, हे लोम्बार्डींविषयीच्या दंतकथांमध्ये सहसा सांगितले जात नाही.

प्रश्न : लोम्बार्डींनंतर हा संघ जवळपास पाव शतक मागे पडला. बार्ट स्टारसारखा खेळाडू प्रशिक्षक म्हणून अपयशी का ठरला? (एक वाचक, ठाणे)

1968 ते 1991 या 24 हंगामांत पॅकर्सला बाद फेरी दोनच वेळा गाठता आली, 1972 मध्ये आणि संपामुळे आखडलेल्या 1982 च्या हंगामात. आमच्या मते त्याचे मूळ लोम्बार्डींच्या यशातच आहे. एका माणसाच्या हाती सर्व सत्ता दिल्याने अजिंक्यपदे मिळाली, तेव्हा तीच रचना चालू ठेवावी, असा संचालकांचा समज झाला. लोम्बार्डींनी 1967 च्या हंगामानंतर प्रशिक्षकपद सोडले, 1969 मध्ये ते वॉशिंग्टनला गेले आणि सप्टेंबर 1970 मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे सहायक फिल बेंग्टसन बचावातले जाणकार होते, पण म्हाताऱ्या होत चाललेल्या संघाची नव्याने बांधणी करणे त्यांना जमले नाही. त्यांच्यानंतर महाविद्यालयीन फुटबॉलमधून डॅन डिव्हाइन आले. त्यांनी 1974 मध्ये जॉन हॅडल या तिशी ओलांडलेल्या क्वार्टरबॅकसाठी पुढील दोन वर्षांच्या निवडप्रक्रियेतील पाच वरच्या जागा देऊन टाकल्या. हंगाम संपताच डिव्हाइन नोटर डेम विद्यापीठात गेले आणि तिथे 1977 मध्ये राष्ट्रीय विजेते ठरले. त्यांनी केलेल्या सौद्याची किंमत मोजायला मागे राहिले ते स्टार.

स्टारला प्रशिक्षकपदाचा अनुभव जवळजवळ नव्हता, आणि तरीही 1975 मध्ये त्याला प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर अशा दोन्ही खुर्च्यांवर बसवण्यात आले. निवडीच्या वरच्या जागा आधीच विकल्या गेलेल्या, खेळाडू पारखण्याची त्याला सवय नाही, आणि गावाचे त्याच्यावर इतके प्रेम की त्याला काढायला कोणी धजावत नव्हते. 1980 च्या हंगामानंतर त्याच्याकडील जनरल मॅनेजरपद काढून घेण्यात आले, पण प्रशिक्षकपद 1983 अखेरपर्यंत राहिले. 52 विजय आणि 76 पराभव अशी त्याची नोंद आहे. त्याच्या जागी आलेला फॉरेस्ट ग्रेग हाही लोम्बार्डींचाच शिष्य होता आणि त्यालाही यश आले नाही.

खरा बदल 1991 मध्ये झाला. संघाचे अध्यक्ष बॉब हार्लन यांनी रॉन वुल्फ यांना जनरल मॅनेजर नेमले आणि फुटबॉलचे सर्व निर्णय त्यांच्याकडे सोपवले. वुल्फ यांनी 1992 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे आक्रमण सांभाळणारे माइक होल्मग्रेन यांना प्रशिक्षक म्हणून आणले आणि अटलांटाकडून ब्रेट फार्व हा फारसा कोणाला माहीत नसलेला क्वार्टरबॅक घेतला. एकाने खेळाडू निवडायचे, दुसऱ्याने घडवायचे, अशी ही वाटणी होती. फार्वच्या बेफाम पासांनी होल्मग्रेन अनेकदा वैतागले, 1994 मध्ये त्याला बसवून मार्क ब्रुनेलला खेळवण्याचा विचारही झाला, पण त्यांनी धीर धरला. फार्व 1995 पासून सलग तीन वर्षे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जानेवारी 1997 मध्ये पॅकर्सने न्यू इंग्लंडला 35–21 असे हरवून सुपर बोल जिंकला.

पुढची हकीकत आमच्या म्हणण्याला दुजोरा देणारी आहे. होल्मग्रेन यांना दोन्ही पदे हवी होती म्हणून ते 1999 मध्ये सिअ‍ॅटलला गेले. तिथे 2002 च्या हंगामानंतर त्यांच्याकडील जनरल मॅनेजरपद काढून घेण्यात आले, आणि त्यानंतरच, 2005 च्या हंगामात, त्यांचा संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला. इकडे वुल्फ 2001 मध्ये निवृत्त झाल्यावर पॅकर्सने पुन्हा जुनीच चूक करून प्रशिक्षक माइक शर्मन यांना दोन्ही पदे दिली. सामने जिंकण्यात शर्मन कमी पडले नाहीत, पण 2004 मध्ये निवडीच्या तिसऱ्याच फेरीत त्यांनी चेंडू लाथाडण्यापुरता मैदानात उतरणारा पंटर निवडला, ही गोष्ट ग्रीन बेमध्ये अजून कुचेष्टेने सांगितली जाते. 2005 च्या सुरुवातीला टेड थॉम्पसन जनरल मॅनेजर झाले आणि त्यांनी पहिल्याच फेरीत अ‍ॅरन रॉजर्स या क्वार्टरबॅकला निवडले. ते फळ मात्र शर्मन यांच्या वाट्याला आले नाही.

प्रश्न : सर्वांत कमी काळ टिकलेला प्रशिक्षक कोणता? (एक वाचक, सोलापूर)

हंगामी नेमणुका वगळल्या तर पॅकर्सला आजवर 15 मुख्य प्रशिक्षक लाभले. त्यांपैकी मॅक्लीन आणि 1999 चे रे रोड्स हे दोघे पूर्ण पदावर एकेकच हंगाम राहिले. रोड्स हे या संघाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते. आठ विजय आणि आठ पराभव ही काही लाजिरवाणी कामगिरी नव्हे, पण होल्मग्रेन यांच्यानंतर लगेच आल्यामुळे त्यांना सवड मिळाली नाही, असे आमचे मत आहे.

प्रश्न : माइक मॅकार्थी यांनी सुपर बोल जिंकला, तरी त्यांना हंगामाच्या मध्यावर काढले. लाफ्लर यांनी तो जिंकलेला नसताना त्यांचे कौतुक होते. हा न्याय कसा? (एक वाचक, मिलवॉकी, विस्कॉन्सिन)

मॅकार्थी 2006 मध्ये आले आणि त्यांच्या कारकिर्दीत फार्वकडून रॉजर्सकडे झालेले अवघड संक्रमण पार पडले. फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांनी स्वतःच्या जन्मगावच्या पिट्सबर्ग संघाला 31–25 असे हरवून सुपर बोल जिंकला. 2009 ते 2016 अशी सलग आठ वर्षे संघ बाद फेरीत होता. पण जानेवारी 2015 मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध जवळजवळ खिशात आलेला सामना संघाने गमावला, आणि त्यानंतर आक्रमण साचेबंद झाल्याची तक्रार वाढत गेली. 2 डिसेंबर 2018 रोजी अ‍ॅरिझोनासारख्या दुबळ्या संघाकडून घरच्या मैदानावर हरल्यानंतर त्याच संध्याकाळी त्यांना दूर करण्यात आले. निर्णय चुकीचा नव्हता, पण चार सामने उरले असताना तो घेण्याची घाई अनावश्यक होती.

लाफ्लर यांनी 2019 पासून पहिल्या तिन्ही हंगामांत प्रत्येकी 13 सामने जिंकले, आणि तसे करणारे ते लीगमधील पहिले प्रशिक्षक आहेत. त्यांच्यावरील टीकेचा मुद्दा एकाच निर्णयाशी निगडित आहे. जानेवारी 2021 मध्ये टँपा बेविरुद्ध संघ 23–31 असा मागे असताना, दोनच मिनिटे उरलेली असताना आणि चेंडू गोलरेषेपासून आठ यार्डांवर असताना त्यांनी चौथ्या प्रयत्नात तीन गुणांची लाथ मारायला सांगितले. चेंडू परत मिळालाच नाही आणि सामना 26–31 असा गेला. बचावाने चेंडू परत मिळवून दिला असता तर हिशेब बरोबर ठरला असता, असे त्यांचे समर्थक म्हणतात. पण समोर टॉम ब्रेडीसारखा क्वार्टरबॅक असताना चेंडू स्वखुशीने त्याच्या हाती देणे आम्हाला पटत नाही. पुढे जानेवारी 2024 मध्ये, रॉजर्स गेल्यानंतर जॉर्डन लव्ह या तरुण क्वार्टरबॅकला घेऊन, लाफ्लर यांनी डॅलसला त्यांच्याच मैदानावर 48–32 असे हरवले. डॅलसचे प्रशिक्षक तेव्हा मॅकार्थी होते.

प्रश्न : माझ्या जावयाने पॅकर्सचा शेअर घेतला आहे. प्रशिक्षकाच्या नेमणुकीत त्याचा काही शब्द चालतो का? (वरील वाचकांचाच दुसरा प्रश्न)

थेट चालत नाही. पॅकर्सला एकच एक मालक नाही, संघ 1923 पासून भागधारकांच्या ना-नफा महामंडळाचा आहे आणि आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. भागधारक संचालक निवडतात, संचालकांची कार्यकारी समिती असते आणि रोजचा कारभार अध्यक्ष पाहतो. 2018 मध्ये झालेल्या फेररचनेत मुख्य प्रशिक्षक जनरल मॅनेजरऐवजी थेट अध्यक्षांना उत्तरदायी करण्यात आला, आणि मॅकार्थी यांना दूर करण्याचा निर्णयही अध्यक्षांकडूनच आला. 2021 च्या विक्रीत 300 डॉलरला मिळालेल्या या शेअरवर लाभांश नाही, त्याला बाजारभाव नाही आणि तिकिटांच्या प्रतीक्षायादीत त्यामुळे पुढचा क्रमांकही लागत नाही. संचालकांच्या निवडणुकीत मत देता येते, आणि उन्हाळ्यात लॅम्बो फील्डवर होणाऱ्या वार्षिक सभेला आपल्या जावयांना जाता येईल.